नवऱ्याच्या गाडीशी भांडू नका

वाचकाचं पत्र (थोडक्यात, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत)

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका मोठ्या सोसायटीत राहणाऱ्या या ताई बँकेत नोकरी करतात. नवरा आणि धाकटे दीर, दोघंही गाड्यांचे वेडे. सासऱ्यांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी नवऱ्याने भंगारबाजार पालथे घालून, सुटे भाग जमवून पुन्हा चालती केली आहे. दिरांकडे मोठी डिझेल एसयूव्ही आहे. दोघांचा गाडीवाल्यांचा ग्रुप आहे आणि दर रविवारी पहाटे साडेपाचला ही मंडळी ताम्हिणीच्या दिशेने निघतात.

काही महिन्यांपूर्वी सोसायटीतल्या काही जणांनी एक अर्ज तयार केला. समोरच्या रस्त्याचा फूटपाथ सलग करावा, त्यासाठी कडेची पार्किंगची एक रांग काढावी आणि दोन किलोमीटरवरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत छोटी फीडर बस द्यावी, अशा त्यात मागण्या आहेत. सह्या गोळा करण्यात ताई पुढे होत्या. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी प्रदूषणाचे आकडे टाकले, परदेशातल्या सायकल ट्रॅकचे फोटो टाकले, ‘एका माणसासाठी एवढी मोठी गाडी कशाला?’ असंही एकदा लिहिलं. त्यावर दिरांनी ‘आधी खड्डे बुजवा, मग ज्ञान द्या’ असं उत्तर दिलं आणि त्याला भराभर अंगठे मिळाले. घरी नवरा म्हणाला, “तुला माझी गाडी डोळ्यात खुपते, एवढंच आहे.” तेव्हापासून घरात हा विषय बंद आहे आणि अर्ज कपाटात पडून आहे. मुलगी सोळा वर्षांची. तिला सकाळी सातच्या क्लासला नवराच सोडतो. सासरे ७७ वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गाडी चालवणं सोडलं, आणि ‘आता फारसे बाहेर पडत नाहीत’.

ताईंचा प्रश्न असा: “या गाडीवेड्या लोकांना बस, मेट्रो, फूटपाथ यांच्या बाजूने वळवायचं कसं? की हा नाद सोडून द्यावा?”

उत्तर

ताई,

पहिल्यांदा एक हिशेब करा. अर्जावर ज्यांनी सही नाकारली त्यांची यादी समोर घ्या आणि त्यातल्या किती जणांना खरोखर गाड्यांचं वेड आहे ते बघा. वेड म्हणजे कुठल्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे आणि कुठल्याला चेन, हे जेवताना सांगणारे लोक. माझा अंदाज आहे की असे दोन-चारच निघतील, आणि त्यातले दोन तुमच्याच घरात असतील. बाकीच्यांनी गाडी घेतली ती सोय म्हणून. वेळेवर बस येत नाही, रिक्षावाला ‘तिकडे नाही येणार’ म्हणतो, पावसात स्कूटरवर मूल भिजतं, म्हणून हप्त्यावर गाडी घेतली. या लोकांना गाडी आवडते असंही नाही. उद्या गेटवर दर दहा मिनिटांनी बस उभी राहिली तर त्यातले बरेच जण तीन आठवड्यांत गाडीच्या काचेवर धूळ साचू देतील.

म्हणजे तुम्ही ज्यांना अडथळा समजता ते गाडीवेडे संख्येने थोडे आहेत. त्यांचा आवाज मात्र मोठा आहे, कारण गाडी या विषयावर त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त कळतं आणि ते सगळ्यांना माहीत आहे. दिरांच्या एका ओळीला अंगठे मिळाले ते म्हणूनच. नेमकं याच कारणासाठी ही दोन माणसं तुमच्या बाजूला आली तर उरलेल्यांना समजवायचं काम निम्मं होईल.

आता तुमच्या पत्रातली दुसरी एक गोष्ट. ही मंडळी रविवारी पहाटे साडेपाचला का निघतात? आठला निघाले तर घरून पोहे खाऊन निघता येईल. पण आठला चांदणी चौकापासूनच गर्दी लागते, आणि मुळशीच्या रस्त्यावर वीकेंडच्या गाड्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागतं. ज्याला गाडी चालवण्यात मजा येते त्याला रिकामा रस्ता हवा असतो. आपल्या पुढे कमी गाड्या असाव्यात, हे तुमचा नवरा दर रविवारी गजर लावून सांगतो आहे. तुम्ही वेगळं काय मागता आहात?

गर्दीचा सगळ्यात जास्त त्रास कोणाला होतो, तेही पाहा. पद्मिनीला कार्ब्युरेटर आहे. भर उन्हात सिग्नलला अडकली की पेट्रोल पाइपातच वाफ होऊन गाडी बंद पडते. मग बॉनेट उघडून इंजिनाजवळच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं ठेवायचं आणि मागच्यांचे हॉर्न ऐकत उभं राहायचं. सासऱ्यांना विचारा, त्यांच्या डिकीत त्या फडक्याची आणि पाण्याच्या बाटलीची जागा ठरलेली असणार. दिरांची डिझेल बीएस-६ असेल, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, तर तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर आहे, ज्याला ते डीपीएफ म्हणतात. तो स्वच्छ व्हायला गाडी मधूनमधून सलग वेगात पळावी लागते. शहरात रोज पाच-सहा किलोमीटर रखडत चालवली की फिल्टर चोंदतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. मग केवळ फिल्टर साफ व्हावा म्हणून माणसं एक्सप्रेस-वेला चक्कर मारून येतात. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गाड्या असणाऱ्यांना विचारा, इंचाइंचाने सरकणाऱ्या रांगेत गिअरबॉक्स तापल्याची सूचना कधी झळकते. हाफ क्लचवर चढाला उभं राहून क्लचप्लेट जळण्याचा वास तर प्रत्येकाच्या ओळखीचा. ट्रॅफिक हा गाडीचा शत्रू आहे, हे गाडीवेड्याइतकं कोणालाच पटलेलं नसतं. त्याला फक्त हे कोणी सांगितलेलं नसतं की त्या शत्रूचा खरा इलाज गेटवर उभी राहणारी बस असू शकतो.

तुम्ही त्याला याऐवजी काय सांगितलंत? प्रदूषण, परदेश आणि ‘एवढी मोठी गाडी कशाला’. मी तुम्हाला दोष देत नाही. प्रदूषण खरं आहे आणि त्याबद्दल बोलायलाच हवं. पण ज्या माणसाने बापाची गाडी हाताने उभी केली त्याला पहिल्याच वाक्यात ‘तुझी आवड हाच गुन्हा’ असं ऐकू आलं, तर पुढची दहा वाक्यं वाया जातात. ‘डोळ्यात खुपते’ हे त्याचं वाक्य अर्जाबद्दलचं नाहीच. अर्ज त्याने वाचला तरी आहे का, याची मला शंका आहे.

त्याच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. पुण्यातल्या गाडीवाल्याचा बसवर विश्वास नाही, याला कारणं आहेत. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी रस्त्यात राखीव मार्गिका, सुरू झाली तेव्हा देशातला पहिला प्रयोग म्हणून गाजावाजा झाला. मार्गिका अर्धवट, रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यांवर पोचायला नीट वाट नाही, बसच्या लेनमध्ये इतरांच्याच गाड्या. २०१५ मध्ये संगमवाडी आणि औंधकडच्या मार्गांवर ‘रेनबो’ नावाने पुन्हा सुरुवात झाली, ती तुलनेने बरी होती. पण पुढे नगर रस्त्यावरची मार्गिका काढून टाकण्यात आली. उड्डाणपुलांचंही तेच. विद्यापीठ चौकातले पूल मोठ्या खर्चाने बांधले आणि २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडले. हे सगळं डोळ्यांसमोर घडलेला माणूस ‘आधी खड्डे बुजवा’ म्हणतो, तेव्हा त्यात टोमणा असतो तसा अनुभवही असतो. त्याला बस नको आहे असं समजू नका. बसच्या नावाखाली रस्ता कमी होईल आणि बस काही येणार नाही, अशी त्याची भीती आहे. ती भीती अर्जातच घ्या. ‘फीडर बस सुरू झाल्याशिवाय पार्किंगची रांग हलवू नये’ ही एक ओळ घाला. दिरांच्या टोमण्यातला खराखुरा मुद्दा त्यात आला, आणि खड्डे बुजवायची मागणी तर पहिल्या क्रमांकाला टाका. खड्ड्यात अलॉय व्हील वाकतं तसं फूटपाथच्या तुटक्या लादीवर तुमच्या सासऱ्यांचं पाऊलही मुरगळतं.

तरीही गणित मांडावं लागेल, कारण गाडीवेडा माणूस मुळात गणिताचा असतो. मायलेज, टॉर्क, टायरचा दाब, सगळं त्याला आकड्यांत पाठ असतं. मग त्याला आकडेच द्या, पण दुसऱ्याचे अहवाल वाचून दाखवू नका. एखाद्या दिवशी सकाळी साडेआठला गेटवर चहा घेऊन दोघं उभे राहा आणि समोरून जाणाऱ्या गाड्यांत किती माणसं बसलीत ते मोजा. फार वेळ नको, एक सिग्नल पडून सुटेपर्यंत पुरे. बहुतेक गाड्यांत एक, काहींत दोन. मग हिशेब त्यालाच करू द्या: चार मीटरच्या आतली छोटी गाडी, पुढच्या गाडीपासून मीटरभर अंतर, म्हणजे रांगेतली पाच मीटर जागा. ६० माणसं दर गाडीत दीड या हिशेबाने ४० गाड्यांत बसली तर दोनशे मीटरची रांग. तीच ६० माणसं एका १२ मीटरच्या बसमध्ये, काही बसून, काही उभी. त्या दोनशे मीटरच्या रांगेच्या शेवटी त्याची पद्मिनी उभी असते, ओलं फडकं घेऊन. हे तुम्ही बोलायची गरज नाही, त्याला दिसेल.

इथे एक जपून. ‘बस आली की रस्ता मोकळा होईल’ असं वचन देऊ नका. ते पूर्ण खरं नाही, आणि तीन महिन्यांनी तो ते वाक्य तुमच्या तोंडावर मारेल. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच मांडलं होतं की शहरातला वेगवान रस्ता गर्दीच्या वेळी आपोआप भरत जातो: जागा झाली की आतापर्यंत टाळणारे लोक गाडी काढतात. ह्यूस्टनचा केटी फ्रीवे रुंदीकरणानंतर काही ठिकाणी वीसहून जास्त लेनचा झाला आणि काही वर्षांत पुन्हा तुंबला. बसमुळे मोकळी झालेली जागाही अशीच काही प्रमाणात भरणार. पण याच विचाराचा पुढचा भाग गाडीवाल्यासाठी फार कामाचा आहे. गर्दीच्या शहरात लोक गाडी आणि बस-मेट्रो यांच्यात रोज तुलना करत असतात. गाडी जरा जलद पडली की गाडीकडे वळतात, रखडली की मेट्रोकडे. त्यामुळे घरापासून ऑफिसपर्यंत बस-मेट्रोने जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्यावर गाडीचाही वेळ येऊन स्थिरावतो. म्हणजे गाडीचा वेग वाढवायचा असेल तर बसचा वेग वाढवावा लागतो. रस्ता रुंद करून तो वाढत नाही. हे तत्त्व तुमच्या दिरांना आवडेल, कारण ते थोडं उलटं आहे आणि पार्टीत सांगण्यासारखं आहे.

परदेशातल्या सायकल ट्रॅकच्या फोटोंऐवजी त्यांना एक वेगळी गोष्ट सांगा. फॉर्म्युला वनची डच ग्रां प्री ही शर्यत २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या झांडफोर्टला परतली. समुद्राकाठचं छोटं गाव, रस्ते अरुंद. आयोजकांनी प्रेक्षकांना गाडी आणूच नका म्हणून सांगितलं आणि शर्यतीच्या दिवसांत गाव बाहेरच्या गाड्यांना बंद केलं. ॲम्स्टरडॅमच्या बाजूने दर पाच मिनिटांनी रेल्वे सोडली, आणि हजारो लोक सायकलवर आले. नारिंगी टी-शर्ट घातलेले, आपल्या डच ड्रायव्हरसाठी, व्हर्स्टाप्पेनसाठी, घसा बसेपर्यंत ओरडणारे लोक, ज्यांच्यापेक्षा गाडीवेडं कोणी सापडणार नाही, ते सायकल स्टँडला लावून ग्रँडस्टँडमध्ये गेले. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. ताशी तीनशेने पळणारी गाडी बघायला जाताना स्वतः ताशी पाचच्या रांगेत कशाला उभं राहायचं? तुमच्या दिरांनी ही शर्यत पाहिली असण्याची शक्यता बरीच आहे. विचारून पाहा.

डच लोक असे जन्मतःच शहाणे होते असं मात्र नाही. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, तेव्हा गाड्यांवरचं लक्ष हळूहळू माणसांकडे वळलं. आजही तिथे घराघरात गाड्या आहेत. रस्ता दाखवणाऱ्या वेझ या ॲपने २०१६ मध्ये जगभरातल्या चालकांच्या समाधानाची क्रमवारी काढली तेव्हा नेदरलँड्स पहिला होता. ज्याला दूध आणायला गाडी काढावी लागत नाही, तो गाडी काढतो तेव्हा खूश असतो, असा मी त्याचा अर्थ लावते.

आता पार्किंगच्या रांगेबद्दल, कारण खरी कळ तिथेच आहे. सह्या न करणाऱ्यांपैकी बहुतेकांना बसशी देणंघेणं नाही. रस्त्याकडेची फुकटची जागा जाईल हे त्यांना खटकतंय. एक गोष्ट तपासा: त्या रांगेत गाड्या कोणाच्या उभ्या असतात? पद्मिनी तर नक्की नाही. असली गाडी कव्हर घालून आत, छताखाली असते. रस्त्यावर असतात त्या बहुधा घरटी दुसऱ्या-तिसऱ्या गाड्या, समोरच्या दुकानांत आलेल्यांच्या गाड्या, आणि एखादी महिनोन्महिने टायर बसलेली, जिच्यावर पोरांनी बोटाने नावं लिहिली आहेत. एका गाडीला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते, म्हणजे सुमारे १३५ चौरस फूट. तुमच्या भागातल्या फ्लॅटच्या दराने गुणा आणि ती रक्कम नवऱ्याला दाखवा. २०१८ मध्ये महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं, तेव्हाही रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे म्हटल्यावर शहरभर गदारोळ झाला होता, त्यामुळे हा विषय सोपा नाही याची मला कल्पना आहे. पण इथेही गाडीवेडा तुमचा विरोधक असण्याचं कारण नाही. त्या रांगेतून अचानक उघडणाऱ्या दारांनी आणि मागे न बघता बाहेर निघणाऱ्यांनी त्याच्या गाडीला किती ओरखडे दिलेत, ते त्याला तारखेसकट आठवत असतील.

पार्किंगची अख्खी रांग एकदम मागू नका. फूटपाथ जिथे तुटतो ते शंभर-दोनशे मीटर मागा, आणि तेही चाचणी म्हणून. स्टॉकहोममध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावायचं ठरलं तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. जानेवारी ते जुलै २००६ असं सात महिने ते प्रयोग म्हणून लावलं आणि सप्टेंबरमध्ये मतदान घेतलं. दरम्यान हद्दीतून ये-जा करणारी वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने कमी झालेली लोकांनी रोज पाहिली होती. शहराने निसटत्या बहुमताने होकार दिला आणि २००७ पासून शुल्क कायम झालं. आधी वाद आणि मग प्रयोग असं केलं असतं तर ते कधीच झालं नसतं. आपल्याकडे लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन होतो. त्या दिवशी गाड्या बंद असतात आणि धंदा बुडेल म्हणणाऱ्या दुकानांसमोर माणसांची झुंबड असते. एक दिवस फार थोडा आहे, पण ‘करून तर बघू’ याला आपल्याच शहरातलं उदाहरण मिळतं.

तुमच्या पत्रातल्या सासऱ्यांच्या ओळीपाशी मी बराच वेळ थांबले. ‘आता फारसे बाहेर पडत नाहीत’ एवढंच लिहून तुम्ही पुढे गेलात. ज्या माणसाने स्टिअरिंगजवळच्या दांड्याने गिअर टाकत अख्खं कुटुंब महाबळेश्वरला नेलं असेल, तो आता कोपऱ्यावरच्या वाचनालयात जात नाही. का? नजर कमी झाली म्हणून गाडी सुटली, आणि गाडी सुटल्यावर दुसरं काहीच उरलं नाही. फूटपाथ मधेच संपतो, पुढे ट्रान्सफॉर्मर, पुढे उभी एसयूव्ही, मग रस्त्यावर उतरायचं आणि मागून येणारे हॉर्न ऐकायचे. मुलीचंही दुसऱ्या टोकाने तेच. सोळाव्या वर्षी कायद्याने ती फक्त बिनागिअरची, ५० सीसीच्या आतली गाडी चालवू शकते, आणि तसल्या पेट्रोलच्या गाड्या आता बाजारात जवळजवळ नाहीत. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो. तेव्हा सकाळी पावणेसातला तुमचा नवरा क्लासचा ड्रायव्हर होतो. एका घरातल्या पाच-सहा माणसांपैकी गाडी चालवू शकणारे निम्मे. बाकीचे त्यांच्यावर अवलंबून, आणि ते या बाकीच्यांना बांधलेले. तुमच्या नवऱ्याला बसच्या बाजूने वळवायचं असेल तर सुरुवात प्रदूषणापासून नको, वडिलांपासून करा. ‘बाबांना पुन्हा एकटं वाचनालयात जाता यावं म्हणून हे शंभर मीटर हवेत.’ यात त्याच्या गाडीबद्दल एक शब्द नाही. आणि काही वर्षांनी गाडीची किल्ली ठेवून देण्याची पाळी त्याच्यावरही येणार आहे, हेही मनात येईल. ते तुम्ही बोलून दाखवू नका.

मग बोलायचं कोणी? सोसायटीच्या ग्रुपवर तरी तुम्ही नाही. तिथे तुमच्यावर ‘सायकलवाली’ असा शिक्का बसला आहे, योग्य असो वा नसो. एखादा गाडीवालाच बोलला पाहिजे, आणि माझं मत विचाराल तर नवऱ्याच्या आधी दिरांना गाठा. नवऱ्याशी भांडण झालेलं आहे, तिथे माघार घेणं दोघांनाही जड जाईल. दिरांनी फक्त एक टोमणा मारलाय. वहिनीने ‘भाऊजी, तुमचं बरोबर होतं, खड्डे पहिले घातलेत, हा बघा अर्ज’ म्हणून कागद पुढे केला तर ते लाजून तरी वाचतील. त्यांनी ग्रुपवर लिहायचं ते साधारण असं: “मी रोज गाडी चालवतो, पुढेही चालवणार. पण निम्म्या गाड्या मेट्रो स्टेशनपर्यंतच चालल्यात. तिथवर बस मिळाली तर त्या आपल्यापुढून हटतील. अर्ज वाचा, पार्किंगची अट मी घालून घेतली आहे.” हे शब्द तुमच्या तोंडून गेले असते तर कोणी वाचले नसते.

काही शब्द मात्र दोन महिने तरी वापरू नका. कार्बन फूटप्रिंट, दिखावा, ‘गाडीशिवाय जगता येत नाही का’. ‘गाडीमुक्त’ तर अजिबात नको; कोणी गाडी काढून घेणार आहे असं वाटलं की माणूस दारात आडवा पडतो. आणि ‘इलेक्ट्रिक घेतली की प्रश्न मिटला’ असं दिरांनी म्हटलं तर वाद घालू नका, फक्त विचारा की इलेक्ट्रिक गाडीला सिग्नलला किती मीटर जागा लागते.

नाद सोडावा का, असं विचारलंत. माझ्या मते सोडू नये, पण नवऱ्याच्या सहीवर सगळं अडवूनही ठेवू नये. तुम्ही अर्ज कपाटात ठेवलात, तो घरातल्या शांततेसाठी. त्यामुळे वाचनालय, क्लास आणि मेट्रो यांच्या वाटेवरच्या बाकी पन्नास घरांचंही काम थांबलं. घरातलं मन वळवणं आणि रस्त्याचं काम करून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, त्यांची सांगड सुटी करा. नवऱ्याने सही केली तर उत्तम. नाही केली तरी ‘तुझी सही नाही, पण तू बघून चुका सांग’ एवढं म्हणा. गाडी पुन्हा जोडणाऱ्या माणसाला नकाशातली चूक दिसल्याशिवाय राहत नाही. बस कुठे वळणार, थांबा वळणावर नको, दार कुठल्या बाजूला उघडणार, हे तो दहा मिनिटांत सांगेल. ते सगळं अर्जात घ्या.

अर्जाचेही दोन भाग करा. बसची मागणी पीएमपीकडे, म्हणजे शहर बससेवेकडे जाते, फूटपाथ आणि पार्किंगची महापालिकेकडे. एकाच कागदावर दोन्ही घातलं तर दोन्ही कार्यालयं एकमेकांकडे बोट दाखवतात. पीएमपीला ‘बस द्या’ म्हणून उपयोग नसतो. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ, दर इतक्या मिनिटांनी, या गेटपासून या स्टेशनपर्यंत, मधले थांबे हे, आणि नियमित वापरू म्हणणाऱ्या माणसांची नावं एवढी, असं लिहा. मेट्रोने वनाजपासून सुरुवात मार्च २०२२ मध्ये केली, पण शेवटच्या दोन किलोमीटरचं कोडं अजून जिथल्या तिथेच आहे, त्यामुळे फीडरच्या मागणीला आज वजन आहे. फूटपाथच्या कामासाठी महापालिकेचं सहभागी अंदाजपत्रक बघा. नागरिकांनी आपल्या प्रभागातली छोटी कामं सुचवायची ही सोय पुण्यात २००६ पासून आहे आणि त्याचे अर्ज क्षेत्रीय कार्यालयात घेतात. मुदत दरवर्षी जाहीर होते, ती चुकवू नका. सासऱ्यांना बरोबर नेता आलं तर न्या, त्यांची सही पहिली असू द्या. दोन्ही ठिकाणी अर्जाची एक प्रत आपल्याकडे ठेवा आणि आवक विभागात तिच्यावर तारखेचा शिक्का मारून घ्या. पोच नसेल तर तीन महिन्यांनी ‘अर्ज मिळालाच नाही’ हेच ऐकावं लागेल.